उजव्या डोळ्याचा पडदा

आधीच सांगून टाकतो, हा शूरवीराचा लेख नाही. आजारपणात मी धीराने वागलो वगैरे काही झालेलं नाही. मी घाबरलो, चिडचिड केली, नर्सवर खेकसलो, पोरीला रडवलं. धीर जो काही होता तो माझ्या बायकोकडे होता आणि उरलेला हॉस्पिटलातल्या लोकांकडे. माझं काम फक्त पालथं पडून राहण्याचं होतं, आणि तेही मी कुरकुरत केलं.

तरी लिहितोय, कारण हल्ली इथल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलो की कुणीतरी मला कोपऱ्यात घेतं. "सुहास, माझ्याही डोळ्यासमोर अंधुक अंधुक होतं रे. काही नसेल ना?" आता मी काय डॉक्टर आहे? मी मरीन इंजिनिअर. बरीच वर्षं बोटीवर काढली आणि मग सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी धरली. जहाज दुरुस्तीला यार्डात आलं की मालकाच्या वतीने तिथे उभं राहायचं, काम नीट होतंय का ते बघायचं. थोडक्यात, बघणं हाच माझा धंदा. आणि त्याच धंद्यातला माणूस स्वतःच्या डोळ्यात काय चाललंय ते बघू शकला नाही. हसा हवं तर.

वेल्डिंगची चमक

सुरुवात झाली ती चमकण्याने. उजव्या डोळ्याच्या अगदी कडेला, कुणी कॅमेऱ्याचा फ्लॅश मारावा तशी चमक. मान वळवली की चमकायचं. लिफ्टमध्ये, जेवताना, डोळे मिटून बसलो तरीही.

त्या आठवड्यात मी जुरोंगच्या बाजूला एका यार्डात होतो. जहाजाच्या तळाचे पत्रे बदलणं चाललं होतं, आणि जिकडे बघावं तिकडे वेल्डिंग. वेल्डिंगच्या ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघितलं तर डोळा धरतो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. प्रत्येकाला ते कधी ना कधी झालेलंही असतं. त्यावर बोटीवरचा जुना उपाय म्हणजे कच्च्या बटाट्याच्या थंड चकत्या डोळ्यांवर ठेवून पडायचं. मी घरी येऊन बटाटा कापला आणि सोफ्यावर आडवा झालो.

वैजू, म्हणजे वैजयंती, माझी बायको. एका बँकेत काम करते. ती ऑफिसातून आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. "भाजी करायची होती की तुला सजवायचं होतं?"

"वेल्डिंग लागलंय."

"दुखतंय?"

"नाही."

"पाणी येतंय?"

"नाही गं. नुसतं चमकतंय."

वेल्डिंग लागलं की डोळ्यात वाळू कोंबल्यासारखं दुखतं, माणूस तडफडतो. माझं काडीचंही दुखत नव्हतं. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण जे दुखत नाही त्याला आपल्याकडे आजार म्हणायची पद्धतच नाही.

मग आले काळे ठिपके. आधी एक-दोन, पोहत असल्यासारखे. ते मला नवे नव्हते. माझा शाळेपासूनचा जाड भिंगांचा चष्मा आहे आणि असले एक-दोन ठिपके कित्येक वर्षांचे सोबती होते. पण या वेळी एका सकाळी डोळ्यासमोर काजळीच उधळली. मी म्हटलं चष्मा घाण झालाय. यार्डात धूळ, ग्रीस, सगळंच उडतं. पुसला. पुन्हा पुसला. साबणाने धुतला. दोन-तीन दिवस मी चष्माच पुसत होतो.

वैजू म्हणाली, "दाखवून घे ना एकदा."

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात चाललोच आहोत की."

इथल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. दात आणि डोळे ही दोन कामं आपण इंडिया ट्रिपसाठी राखून ठेवतो. पुण्याला उतरायचं, पहिल्या दिवशी झोपायचं, दुसऱ्या दिवशी दातवाला, तिसऱ्या दिवशी चष्मेवाला, मग नातेवाईक. इथे पैसे घालवायचे नाहीत असंही नसतं त्यात. सवय असते आणि तिथला डॉक्टर 'आपला' असतो. दाढ दुखायला लागली की आपण लवंग धरून चार महिने काढतो आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. मी डोळ्याचंही तेच केलं.

भिंतीवरचं कॅलेंडर

रविवार होता. क्वीन्सटाउनच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर एवढंसं आहे. वैजू कांदा परतत होती, मी दारात उभा राहून पुन्हा चष्मा पुसत होतो.

"काच झिजेल आता," ती म्हणाली. मग गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली. "डावा डोळा झाक बरं."

"कशाला?"

"झाक म्हटलं ना! आणि त्या कॅलेंडरकडे बघ."

आमच्याकडे पुण्याहून आणलेलं मराठी कॅलेंडर असतं. त्यात डावीकडे वरून खाली वारांची नावं असतात, रवि वर आणि शनि तळाला. मी डावा डोळा तळहाताने झाकला आणि कॅलेंडरच्या मध्यावर नजर लावली.

"रवि, सोम, मंगळ, बुध," मी वाचलं आणि थांबलो.

"पुढे?"

"पुढे नाहीये."

"नाहीये म्हणजे? अंधुक आहे?"

"नाही गं, तिथे काहीच नाहीये. खालून काळसर काहीतरी वर आलंय."

उजव्या डोळ्याला डावीकडचा खालचा कोपरा दिसतच नव्हता. आणि मला पत्ता नव्हता, कारण डावा डोळा ती बाजू सांभाळून घेत होता. दोन डोळे म्हणजे दोन चांगले शेजारी. एकाच्या घरी काय बिनसलंय ते दुसरा बाहेर कळू देत नाही.

वैजूने गॅस बंद केला. कांदा तसाच कढईत. "कपडे बदल. हॉस्पिटलात जायचंय."

"अगं आज रविवार आहे. उद्या पॉलिक्लिनिकला, सरकारी दवाखान्यात जातो, तिथून चिठ्ठी घेऊन..."

"तुझ्या जहाजाच्या इंजिनातून रविवारी तेल गळायला लागलं तर सोमवारची वाट बघतोस का?"

"ते वेगळं."

"का? ते मालकाचं आहे म्हणून?"

मी शेवटचा पत्ता टाकला. "पुण्याला तो आपला डॉक्टर आहे ना, पुढच्या महिन्यात..."

"शनि, शुक्र, गुरू गेलेत सुहास. पुढच्या महिन्यापर्यंत तुझा रविवारही जाईल. चल!"

तिला डोळ्यांतलं काही कळतं अशातला भाग नाही. तिने कुठे काही वाचलंही नव्हतं. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "हळूहळू अंधुक होतं ते चष्म्याचं. काल होतं आणि आज नाही, ते डॉक्टरचं. यात काय शिकायचंय?" मी इतकी वर्षं यंत्रं शिकलो, पण इतकं सरळ वाक्य मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नाही.

टॅक्सीत आमची मुलगी ऋता, तेव्हा सेकंडरी वनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या सातवीत होती, माझ्या उजव्या बाजूला बसली होती. हात हलवून म्हणाली, "बाबा, यू कॅन सी मी ऑर नॉट?"

"दिसतेस गं."

"देन ओके ला, डोन्ट अ‍ॅक्ट सो सॅड." आणि माझा हात धरून बसली. उतरेपर्यंत सोडला नाही.

रंगीत पेन्सिली

डोळ्यांच्या इमर्जन्सीत काउंटरवरच्या नर्सला मी तक्रार सांगितली. चमक, ठिपके, सावली. तिने लिहिणं थांबवलं, मला खुर्चीतून उठवलं आणि सरळ आत नेलं. बाहेर लोक बसले होते, माझ्याआधी आलेले. कुणी हूं की चूं केलं नाही. सिंगापूरमध्ये रांग मोडून आत घेतात म्हणजे प्रकरण साधं नाही.

डॉक्टर लिम म्हणजे एक बुटकी, बारीक चणीची बाई, पायात कापडी बूट, डोक्याला दिवा बांधलेला. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली, मला आडवं केलं आणि डोळा कडेकडेने दाबत बराच वेळ आत बघितलं. ओरडावंसं वाटत होतं. ती मात्र हळू आवाजात "गुड, गुड, लुक डाऊन, व्हेरी गुड" करत होती, जसं काही मीच मोठं काम करतोय.

मग तिने काय केलं असेल? रंगीत पेन्सिली काढल्या. लाल, निळी. एक गोल काढला आणि माझ्या डोळ्याच्या आतलं चित्र रंगवलं. इतकं नेटकं, की मी घाबरलेला असूनही बघत राहिलो. हे लाल म्हणजे जागेवर आहे, हे निळं म्हणजे सुटलेलं आहे, आणि हे इथे वर फाटलंय. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्यावर आपल्याला दिसतं, तो फाटून भिंतीपासून सुटत चालला होता. ओल लागलेल्या भिंतीचा पापुद्रा सुटतो तसा. चमक म्हणजे तो पडदा ओढला जात होता. काजळी म्हणजे तो फाटला होता. मी बटाटे ठेवत होतो.

चित्राच्या मध्यावर तिने पेन्सिलीचं टोक टेकवलं. "सेंटर स्टिल ऑन." म्हणजे मधला भाग, ज्याने आपण वाचतो, माणसांचे चेहरे ओळखतो, तो अजून चिकटलेला होता. निळा रंग त्याच्या अगदी काठाशी आला होता. मधला भाग सुटला तर पडदा पुन्हा बसवता येतो, पण नजर पहिल्यासारखी येईलच याची खात्री नाही.

मी तिकिटांचं सांगितलं. पुढच्या महिन्यात, पुण्याला, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मिस्टर सुहास, नेक्स्ट मंथ धिस आय कॅनॉट सी एनीथिंग ऑलरेडी. लंच घेतलं का?" शेवटचं अर्थात इंग्रजीत. उपाशी होतो, कांदा कढईतच राहिला होता. "गुड," ती म्हणाली आणि ऑपरेशन थिएटरला फोन लावला.

मिस्टर गो

वॉर्डात शेजारच्या पलंगावर मिस्टर गो होते. सत्तरीचे, टॅक्सी चालवायचे. त्यांचं ऑपरेशन आधीच झालं होतं आणि ते पालथे, तोंड उशीच्या भोकात घालून पडले होते. मला त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं. ते टक्कल माझ्याशी बोललं.

"फर्स्ट टाइम?"

"हो. तुम्ही?"

"सेकंड आय." पहिला डोळा त्यांनी काही वर्षांपूर्वी घालवला होता. चमकायला लागलं ते नेमकं चिनी नववर्षाच्या तोंडावर. सणासुदीला हॉस्पिटलात पाऊल टाकायचं म्हणजे वर्षभराचा अपशकुन, म्हणून थांबले. "आय वेट फॉर न्यू इयर फिनिश ला. न्यू इयर फिनिश, आय ऑल्सो फिनिश." आणि स्वतःच खो खो हसले. मग दुसऱ्या डोळ्यात चमकलं तेव्हा नातवाचं लग्न अर्ध्यावर सोडून टॅक्सी करून आले होते. सुटाबुटात.

मला ते हसणं अजून ऐकू येतं. एक डोळा गेलेला, दुसरा टांगणीला, आणि हा म्हातारा माझी भीती घालवायला विनोद सांगत होता. मी विचारलं, असं पालथं किती वेळ पडून राहायचं असतं? ते म्हणाले, "तास मोजू नकोस. जेवणं मोज. जेवण मोजलं की वेळ लवकर जातो." पुढे मला याच एका वाक्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

ऑपरेशन डोळ्याभोवती बधिर करून झालं, मी जागा होतो. दुखलं नाही. डोळ्याच्या आत सळया हलताना काळ्या सावल्यांसारख्या दिसतात आणि ते बघायचं नाही म्हटलं तरी तो डोळा मिटता येत नाही. टेबलापाशी सिस्टर नोरा नावाची मलाय नर्स होती. तिने माझा हात हातात घेतला. "अंकल, इफ वॉन्ट टू कफ, स्क्वीझ फर्स्ट. डोन्ट मूव्ह."

मी थोड्याच वेळात दाबला.

"कफ?"

"नो."

"ओके," ती म्हणाली आणि हात तसाच धरून ठेवला. नंतर मी कितीतरी वेळा दाबला, एकदाही खोकला आला नव्हता. तिने पुन्हा विचारलंही नाही. इतकी समज प्रत्येकाला नसते हो.

सकाळी पट्टी काढली तेव्हा मला फक्त समोर काहीतरी हलतंय एवढं कळलं. बोटं किती ते सांगता येईना. मी सिस्टर नोरावरच ओरडलो, की काय केलंत तुम्ही माझ्या डोळ्याचं! ती म्हणाली, "अंकल, गॅस इनसाइड. नाऊ कॅनॉट सी इज करेक्ट." पडदा भिंतीला दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. गॅस वर जातो, म्हणून डोळ्याची मागची बाजू वर ठेवायची, म्हणजेच तोंड खाली. बुडबुडा आपोआप विरेपर्यंत विमान बंद, कारण वर हवेत तो फुगतो. पुण्याची तिकिटं तिथेच बुडाली. डोळ्यात गॅस आहे असं लिहिलेला पट्टा मनगटाला बांधला, आणि मी खाली मान घालून घरी आलो.

पालथा संसार

वैजूने सुट्टी काढली आणि घर उलटं केलं. जेवणाच्या टेबलाच्या कडेला उशांची गादी, कपाळ टेकवायला मधे भोक. पलंगाच्या टोकाला तसंच. जमिनीवर आरसा ठेवला, त्यात टीव्ही दिसायचा. मी डाव्या डोळ्याने क्रिकेट बघायचो आणि आपले सगळे फलंदाज डावखुरे झालेले असायचे.

खरी गंमत पुढेच. मला माणसांचे फक्त पाय दिसायचे. पहिल्या दिवशी मी वैतागून म्हटलं, की पायांशी काय बोलायचं? वैजू सरळ जमिनीवर बसली. आरशापाशी. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची ती जमिनीवर बसूनच. भाजी निवडायची तिथे, फोनवर बोलायची तिथे, ऋताचा अभ्यास तिथे. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दारातच सांगायची, "खुर्ची नाही, खाली बसायचं." आमचा साहेब, सहा फुटी डच कॅप्टन, तोही मांडी घालायचा प्रयत्न करत जमिनीवर बसला आणि चिवड्याच्या दोन वाट्या संपवून गेला. घरात रोज पंगत असल्यासारखं वाटायचं.

जेवण म्हणजे कसरत. उपमा, इडलीचे तुकडे, थालीपीठाचे तुकडे. वरणाला स्ट्रॉ लावून पिणारा मी पहिलाच पुणेकर असेन. तोंड वाकडं करून तक्रार केली तर वैजू म्हणायची, "तूप कमी पडलंय का स्ट्रॉमध्ये?"

पुण्याहून आईचा रोज फोन. तिचं निदान ठाम होतं. उष्णता! त्या सिंगापूरच्या दमट हवेत अंगात उष्णता भरली, डोळ्यावाटे बाहेर पडली. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने चोळा. मला हसू आलं. वैजू म्हणाली, "हो आई, चोळते." आणि फोन ठेवून खरंच तूप घेऊन आली. काशाची वाटी घरात नव्हती, तिने स्टीलची घेतली. मी पालथाच होतो, तळवे छताकडे. याहून सोयीचा रुग्ण आईलाही मिळाला नसता. डोळ्याला त्याचा काय उपयोग झाला ते डॉक्टर लिमलाच विचारायला हवं, पण त्या दुपारी मला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

सगळंच असं गोडीगुलाबीचं नव्हतं. मानेचा काटा ढिला झाला होता, पाठ भरून यायची, आणि डोक्यात एकच. मधला भाग राहिला का? गॅस विरेपर्यंत कळणार नव्हतं. एका संध्याकाळी ऋता आरशापुढून दोनदा गेली म्हणून मी तिच्यावर असा काही ओरडलो की ती रडायलाच लागली. "यू ओन्ली नो हाऊ टू स्कोल्ड! मम्मी डोन्ट स्लीप प्रॉपरली ऑल्सो!" आणि खोलीत जाऊन दार आपटलं. मी ताडकन मान वर करायला गेलो.

वैजूचा हात डोक्यावर आला. घट्ट. "चिड. हवं तेवढं चिड. पण खाली बघून चिड."

मी खाली बघून चिडलो. थोड्या वेळाने खाली बघूनच ऋताची माफी मागितली. ती येऊन आरशापाशी बसली आणि मला तिच्या वर्गातल्या भांडणांच्या लांबलचक गोष्टी सांगत बसली, मला त्यातलं अर्धंही कळलं नाही.

गॅसची रेघ

मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा उजव्या डोळ्यात एक आडवी रेघ दिसायला लागली. बॉयलरच्या काचनळीत पाण्याची पातळी दिसते ना, अगदी तशी. मान हलवली की हिंदकळायची. रेघेच्या खाली सगळा गढूळ गॅस, वर उजेड; डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून वर तरंगणारा गॅस आपल्याला खाली दिसतो. आणि ती रोज थोडी थोडी खाली उतरत होती. आधी पंखा दिसला. मग दाराची चौकट. मी समोर बघायचो ते अजून गॅसच्या आड होतं, पण वरचं जग मोकळं होत चाललं होतं. इतकी वर्षं मी काचनळ्यांकडे बघितलं, पण कुठल्या पातळीची एवढी वाट कधी बघितली नव्हती.

डॉक्टर लिम दर वेळी आत बघून म्हणायची, "फ्लॅट. व्हेरी फ्लॅट." म्हणजे पडदा चिकटला. माझ्या डाव्या डोळ्यातही तिला एक विरलेली जागा सापडली, तिथे तिने लेझर मारून ती पक्की केली, बोलता बोलता. मिस्टर गो एका तपासणीला भेटले. त्यांचा दुसरा डोळा वाचला होता. मला लांबून ओळखून हात केला, ते बघून मी रडायचाच बाकी होतो. त्यांनी माझा चेहरा याआधी पाहिलाच नव्हता, आमच्या मराठी बोलण्यावरून ओळखलं असणार.

आता कोपऱ्यात घेऊन विचारणाऱ्यांसाठी. वाचताना अक्षरं पुसट होतात, पुस्तक लांब धरावं लागतं, अशी गोष्ट महिनोन्‌महिने हळूहळू आली असेल तर घाबरू नका, चष्मेवाल्याकडे जा. वर्षानुवर्षांचा एखादा पोहणारा ठिपका असेल तर पुढच्या तपासणीत सांगा. पण अचानक चमकायला लागलं, ठिपक्यांचा पाऊस पडला, कडेने सावली आली, किंवा एका डोळ्याचं दिसणं एकाएकी गढूळ झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रविवार असो, सण असो, तिकिटं काढलेली असोत. दुखत नाही म्हणून थांबू नका. जाड चष्मा असेल, घरात कुणाला असं झालेलं असेल, डोळ्याला मार लागला असेल तर दुप्पट सावध राहा. आणि अधूनमधून एकेक डोळा झाकून बघत चला. दोन्ही उघडे ठेवून काही कळत नाही. बटाट्याची भाजी करा.

टिकली

रेघ मध्याखाली उतरली ते मला कळलं होतं. पण मी उजव्या डोळ्याने सरळ समोर बघायचं टाळत होतो. डावा उघडा ठेवून सगळं चाललं होतं. एकट्या उजव्याने बघायचं म्हणजे निकाल. नापास झालो तर? न बघितलेल्या निकालात निदान आशा असते.

त्या दिवशी संध्याकाळी वैजू टेबलापाशी मेथी निवडत होती. आता जमिनीवर बसायचं काही कारण नव्हतं. ऋता शिकवणीला गेली होती. वैजू नेहमीसारखी भरभर पानं खुडत होती, आणि मला एकदम वाटलं की किती दिवस असं घाबरून बसणार? मी डावा डोळा तळहाताने झाकला.

ती दिसली. अंधुक होती, पण तीच होती. केस कपाळावरून मागे सारलेले, कानामागे पांढरी बट, जी मला आठवत नव्हती. डोळ्यांखाली काळं. नाक, ओठ. मेथीची जुडी. सगळं मध्यभागी, जिथे मी बघत होतो तिथेच.

"वैजू," मी म्हटलं, "तुझी टिकली वाकडी लागलीय."

तिचा हात थांबला. "कुठल्या डोळ्याने बघतोयस?"

"उजव्या."

तिने बोटाने टिकली चाचपली. टिकली सरळच होती. माझंच दिसणं थोडं वाकलं होतं, ते अजूनही जरा वाकलेलं आहे. ती हातातली मेथी टेबलावर ठेवायला गेली, ती खाली सांडली, आणि वैजू रडायला लागली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी नाही, मी ओरडलो तेव्हा नाही. आता ती हमसाहमशी रडत होती आणि मला काय करावं ते कळेना.

"अगं, दिसलीस ना मला! रडतेस काय?"

"डॉक्टर ऑपरेशन करून बाहेर आली ना," ती म्हणाली, "तेव्हा म्हणाली की आत गेलो तोवर मधला भागही सुटला होता. आम्ही बसवलाय, पण त्या डोळ्याने चेहरे दिसतील की नाही सांगता येत नाही. फिफ्टी-फिफ्टी."

"आणि तू मला बोलली नाहीस? इतके दिवस?"

"तुला मान खाली ठेवायची होती," ती नाक पुसत म्हणाली. "ते कळलं असतं तर ठेवली असतीस? काळजी करायचं काम मी घेतलं. दोन्ही कामं एका माणसाला झेपली नसती."

मी खाली वाकून मेथी गोळा करायला लागलो, तर तिने मला खांद्याला धरून सरळ बसवलं आणि स्वतःची खुर्ची ओढून माझ्यासमोर अगदी जवळ येऊन बसली.

"झाक पुन्हा तो डोळा," ती म्हणाली. "आणि नीट बघून सांग, काय काय दिसतंय."

मी डोळा झाकला आणि सांगायला सुरुवात केली.